बेळगावच्या शहापुरातला फोटो स्टुडिओ, जुने फोटो पाहिजे असतील तर जावाच

खडेबाजारच्या मागच्या गल्लीत आहे, विचारलं की कुणीपण दाखवतंय. काका आधी पेपरला फोटोग्राफर होते, आता पासपोर्ट फोटो काढतात, पण खरा माल आतल्या खोलीत. लोखंडी कपाटात निगेटिव्हच्या पट्ट्या गावाप्रमाणे लावलेल्या, येळ्ळूर, खानापूर, निपाणी, आणि प्रत्येक पाकिटावर बॉलपेननं कोण कुठं उभा आहे ती नावं, मागच्या रांगेतल्या पोरांचीसुद्धा. एवढं कशाला लिहिलं म्हटलं तर म्हणतात, पुढाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत असतंय, ह्यांचं कोण लिहिणार.

मला आजीचा सुगीतला फोटो पाहिजे होता, येळ्ळूरच्या शिवारात बासमतीची मळणी चाललेली. 36 फोटोंच्या रोलमधल्या एकाच फ्रेममध्ये आजी सापडली, तीपण अर्धी, हातात सूप, भुसा उडालाय आणि डोळे गच्च मिटलेले. आठ बाय बाराचं प्रिंट काढलं, काळं म्हणजे एकदम काळं, सुपातले दाणे मोजून घ्या. 2019 च्या पुराचे फोटोपण दाखवले, ते डिजिटल, त्यात पाण्यापेक्षा गॅसची शेगडी डोक्यावर घेऊन निघालेल्या बायकाच जास्त.

तक्रार म्हणजे शनिवारी देतो म्हणून तिसऱ्या शनिवारी दिलं, फोन तर उचलतच नाहीत. दुपारी एक ते चार बंद. चहा नको म्हटलेलं चालत नाही, तास गेला म्हणून समजा. एक स्टार कापला तो लॅमिनेशनचा, बुडबुडे येतात, ते बाहेर करून घ्या.