पिकअपचं खरं ॲव्हरेज: 14 महिने, 16,800 मैल आणि एक वही

मी राहतो कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या उत्तरेला तासाभरावर असलेल्या लव्हलँडमध्ये. गाडी 2021 ची फोर्ड एफ-150, चार दारांची, फोर बाय फोर, 3.5 लिटर इकोबूस्ट (म्हणजे टर्बो लावलेलं) व्ही-6 इंजिन, 10 गिअरचं ऑटोमॅटिक. मागच्या वर्षी मार्चमध्ये वापरलेली घेतली. काम सिव्हिल साइटवरचं, म्हणून हौद्यात सतत काहीतरी असतं, आणि सुट्टीत मागे राहण्याचा ट्रेलर जोडून आम्ही चौघं बाहेर पडतो.

घेण्याआधी मला एकच गोष्ट हवी होती: ही गाडी खरंच किती देते? ज्याला विचारावं त्याचा आकडा वेगळा. कुणी गॅलनला 23 मैल सांगे, कुणी 15, एकाने तर 9. आता माझी वही भरल्यावर कळतंय की तिघंही खरं बोलत होते.

वहीची सवय बाबांची. मिरजेत त्यांचा टेम्पो होता, सांगलीच्या बाजारातून हळदीची पोती, द्राक्षाचे बॉक्स, उन्हाळ्यात कडबा. टाकी फुल केली की किलोमीटर आणि लिटर लिहायचे. मीही तेच केलं. पहिल्या ‘क्लिक’ला नोझल थांबलं की थांबायचं, वरून दाबून भरायचं नाही, आणि एका टाकीवर विश्वास न ठेवता चार-पाच टाक्यांचे मैल आणि गॅलन बेरजेने भागायचे. माझी टाकी 36 गॅलनची, म्हणजे 136 लिटर. पंप जरा तिरका असला तरी दीड-दोन गॅलनचा फरक सहज पडतो. समोरच्या पडद्यावरचा आकडा कुठल्याही गाडीत अंदाजच असतो, हिशोब वहीतलाच धरावा.

आधी सगळ्यात मोठा आकडा सांगून टाकतो. ट्रेलर नसताना वर्षभराचं ॲव्हरेज गॅलनला 19.1 मैल, आपल्या भाषेत लिटरला 8.1 किलोमीटर. ट्रेलरसकट सगळं धरलं तर 15.5, म्हणजे लिटरला 6.6. काचेवरच्या सरकारी स्टिकरवर या इंजिनाला, फोर बाय फोरमध्ये, शहरात 18, हायवेला 23, एकत्र 20 लिहिलेलं आहे. माझे 19.1 बघून मी स्टिकरला खोटं म्हणणार नाही. उलट मला त्याच्याबद्दल आदर वाटायला लागला आहे. ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते. तिची मूळ हायवे फेरी सरासरी ताशी 48 मैल वेगाची आहे आणि 60 च्या वर जात नाही. 2008 च्या मॉडेलांपासून वेगवान फेरी, एसीची फेरी आणि थंडीतली फेरी यांचाही हिशोब धरतात. पण रोलरवर ना समोरून वारा येतो, ना मागे ट्रेलर असतो. आणि माझ्या वहीचं सगळं सार वाऱ्यातच आहे.

आय-25 या हायवेवर आमच्याकडे ताशी 75 मैलांची मर्यादा आहे. उन्हाळ्यात, शांत हवेत, रिकाम्या हौद्याने 75 धरून ठेवले की मला 20.3 मिळतात. त्याच रस्त्यावर उजव्या लेनमध्ये 68 ला बसलं की 22.4. सात मैल वेगाचे दोन मैल ॲव्हरेज. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो हे शाळेत शिकलो होतो, पंपावर पैसे भरताना ते पटलं. आणि आम्ही पाच हजार फुटांवर राहतो, इथली हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण 14 टक्के विरळ आहे. समुद्रसपाटीजवळच्या ह्यूस्टनला राहणाऱ्या माणसाने हीच गाडी याच वेगाने चालवली तर त्याला माझ्याहून जाड हवा कापावी लागेल. त्यामुळे माझा आकडा त्याने जसाच्या तसा घेऊ नये. उंचीवर साध्या इंजिनाचा दम जातो, टर्बोचा फारसा जात नाही. इकोबूस्ट घेण्याचं माझं पहिलं कारण तेच होतं आणि घाटात ते शंभर टक्के खरं ठरलं.

आता ट्रेलर. आमचा 24 फुटी आहे, भरून 5,600 पाउंड, म्हणजे अडीच टनांच्या आसपास. ही गाडी याच्या दुप्पट ओढू शकते, त्यामुळे वजनाची मला काळजीच नव्हती. शांत हवेत 62 मैलांनी 10.6 मिळाले. 70 ने गेलो त्या दिवशी 8.9. मी समजत होतो, वजन आहे, पिणारच.

जूनमध्ये वायोमिंगमधल्या ग्रँड टीटन नॅशनल पार्कला निघालो. लव्हलँडहून 287 नंबरच्या हायवेने लॅरमी, तिथून आय-80 ने रॉलिन्स, मग मडी गॅप आणि लँडर. वायोमिंगचा वारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना आय-80 वरच्या एल्क माउंटनचं नाव पुरे. तिथे वारा इतका असतो की हलक्या आणि उंच गाड्यांसाठी हा रस्ता बंद करण्याची वेळ येते. आम्ही गेलो त्या दिवशी रस्ता उघडा होता, पण पश्चिमेचा वारा तोंडावर, सोसाट्याचा. लॅरमीला टाकी फुल केली, वेग 62 वरून 55 वर आणला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. बायको आरशातून मागच्या ट्रेलरकडे बघत होती, पोरं गप्प. 100 मैलांनी रॉलिन्सला पुन्हा भरली: 14.7 गॅलन. गॅलनला 6.8 मैल. लिटरला तीन किलोमीटरही नाहीत. पंपावर मी दोनदा भागाकार केला.

दहा दिवसांनी परत येताना वारा पाठीवर होता. रॉलिन्स ते लॅरमी, तेच 100 मैल, तोच ट्रेलर, तीच माणसं, 7.6 गॅलन. म्हणजे 13.2. दोन्ही गावं जवळजवळ सारख्या उंचीवर आहेत, सात हजार फुटांच्या आसपास. म्हणजे चढ-उताराचा प्रश्न नाही. वजनही तेच. बदलला तो फक्त वारा, आणि पेट्रोल निम्म्यावर आलं. 55 ने जाताना समोरून 30 चा वारा असेल तर ट्रेलरच्या भिंतीला तो 85 चा लागतो. आठ फूट रुंद, साडेदहा फूट उंच पांढरी भिंत. तिच्या मागे काय भरलं आहे याच्याशी वाऱ्याला देणंघेणं नाही.

तरीही मला शंका होती, म्हणून सप्टेंबरमधली एक नोंद मला फार महत्त्वाची वाटते. मित्राचा छोटा ट्रॅक्टर स्टर्लिंगहून आणायचा होता. उघडा सपाट ट्रेलर, ट्रॅक्टरसकट 6,100 पाउंड, म्हणजे राहण्याच्या ट्रेलरपेक्षा जास्त वजन. आय-76 ने विगिन्सपर्यंत आणि पुढे 34 ने ग्रीलीवरून घरी. येताना हजार फुटांचा चढही. वेग तोच 62. मिळाले 14.3.

जास्त वजन, वर चढ, आणि तरी गॅलनमागे जवळजवळ पावणेचार मैल जास्त. त्या रात्री बाबांना फोन केला. त्यांना मैल-गॅलन सांगत बसलो नाही, फक्त म्हणालो की जड ट्रॅक्टरला कमी लागलं आणि हलक्या खोलीला जास्त. ते लगेच म्हणाले, “अरे, कडबा वजनाला हलका आणि डिझेलला जड, हे तुला सांगितलं नव्हतं का? पोत्यांची गाडी बरी.” सांगितलं होतं. पाचवी-सहावीत केबिनमध्ये बसून ऐकलं होतं, मला ते नुसतं बोलणं वाटलं होतं.

त्यामुळे माझं ठाम मत: पिकअपच्या ॲव्हरेजची चौकशी करताना ‘किती टन ओढतोस’ याआधी ‘मागे किती उंच आहे’ हे विचारा. विक्रेत्याकडे मला ओढण्याच्या क्षमतेचे आकडे पाठ करून सांगितले गेले, पण भिंतीच्या उंचीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

गॅलनला किती मैल हा आकडाच मुळात फसवा आहे. 100 मैलांना किती गॅलन, असं मोजा. 2013 पासून स्टिकरवरही बारीक अक्षरात तो असतो. एकटी गाडी 75 ऐवजी 68 ने चालवली तर 100 मैलांमागे माझा अर्धा गॅलनही वाचत नाही. ट्रेलर लावून 70 ऐवजी 62 ने गेलो तर 1.8 गॅलन वाचतात. म्हणजे रोज कामावर जाताना जीव मुठीत धरून रांगायची गरज नाही, ट्रेलर लावला की मात्र घाई सोडायची. तशीही बऱ्याच ट्रेलरच्या टायरांची मर्यादा 65 मैलच असते, टायरच्या कडेवर वाचून बघा.

टायरवरून आठवलं. ऑक्टोबरमध्ये एका दुकानाने मला बर्फासाठी जाडजूड ऑल-टेरेन टायर घ्यायला लावले, आणि आकारही एक पायरी वरचा: 275/65 च्या जागी 275/70, 18 इंची रिमवर. दिसायला गाडी रुबाबदार झाली. वहीत 21.0 चे 19.0 झाले. मी हळहळलो, पण यात एक गोम आहे. टायरचा घेर 3.4 टक्क्यांनी वाढला, त्यामुळे गाडीचं मीटर मैल कमी मोजायला लागलं. आय-25 च्या मैलांच्या पाट्या बघून तपासलं: 50 मैलांना मीटर 48.4 दाखवत होतं. दुरुस्त करून आकडा आला 19.65. म्हणजे खरा तोटा दोनाचा नव्हता, सव्वाएकच्या थोडा वर होता. तो मात्र खरा आहे. जड टायर, खोल खाचा, जाड भिंती. टायर बदलल्यावर ॲव्हरेज पडलं म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी हा हिशोब करावा, आणि मीटर नव्या आकाराला जुळवून घेता येतं हेही लक्षात ठेवावं. मी त्याच आकाराचे घेतले असते तर बरं झालं असतं. फोर बाय फोर गाडीला पुरेशी खाच असली तर इथल्या हिवाळ्यातल्या टायरांच्या नियमाला मूळचे टायरही चालत होते, हे मला नंतर कळलं.

हिवाळ्याचा आकडा वाईटच असतो. सरकारी माहितीप्रमाणे साध्या पेट्रोल गाडीचं शहरातलं ॲव्हरेज उणे 7 अंशाला 25 अंशाच्या मानाने सुमारे 15 टक्क्यांनी घसरतं. माझं जानेवारीत त्याहून खाली गेलं, 14.1, आणि त्यात माझाच हात होता. सकाळी स्वयंपाकघरातून बटण दाबून पंधरा मिनिटं गाडी तापवत ठेवायचो. पोरांची शाळा पाच मिनिटांवर. जागेवर उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य असतं, ही साधी गोष्ट गरम सीटच्या नादात विसरलो होतो. फेब्रुवारीत ती सवय सोडली, काच साफ होईपर्यंतच चालू ठेवून हळू निघायला लागलो, आणि तशाच थंडीत 15.8 आले.

इंधनाचं थोडक्यात. कोलोरॅडोत साधं म्हणून 85 ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं. गाडीचं पुस्तक कमीत कमी 87 म्हणतं, मी 87 च टाकतो. ट्रेलर असला की 91. त्याने घाटात ओढ छान लागते, ॲव्हरेजही किंचित सुधारतं, पण भावातला फरक भरून निघेल इतकं नाही. फाळका उघडा ठेवून चालवलं तर ॲव्हरेज वाढतं असं बरेच जण सांगतात, ते करू नका. बंद फाळक्यामागे हौद्यात हवेचा भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकत जाते. फाळका पाडला की तो मोडतो.

दुसऱ्या इंजिनांबद्दल विचारलं जातं म्हणून: याच गाडीचा पॉवरबूस्ट हायब्रिड 2021 मध्ये फोर बाय फोरला शहरात आणि हायवेला 24-24 चा होता. शहरातच फिरणार असाल आणि ट्रेलर क्वचित लावणार असाल तर तोच घ्या, थांबत-निघत जाण्यात बॅटरीचा खरा फायदा आहे. हायवेला मोठी भिंत ओढताना मात्र सगळा भार इंजिनावरच येतो. आणि ट्रेलर मोठा म्हणून कुणी एफ-250 किंवा तसल्या दणकट गाडीकडे बघत असेल, तर त्यांच्या काचेवर ॲव्हरेजचं स्टिकर शोधू नका. 8,500 पाउंडांहून जास्त एकूण वजनक्षमतेच्या पिकअपला ते लावण्याची सक्ती नाही. तिथे दुसऱ्याची वहीच कामाला येते, म्हणूनही मी हे सगळं लिहून काढतोय.

टाकीचं सगळ्यात शेवटी सांगतो, पण घेताना ते आधी बघा. या मॉडेलला चार दारांत 26 गॅलनची टाकी नेहमीची असते आणि 36 ची वेगळी मागून घ्यावी लागते. मला वापरलेल्या गाडीत ती नशिबाने मिळाली. रॉलिन्सच्या वाऱ्यात 6.8 च्या हिशोबाने 26 गॅलनमध्ये 175 मैल निघतात, तेही टाकी कोरडी करून. रॉलिन्स ते लँडर सव्वाशे मैल आहेत आणि मधे पंप मोजके. दोन पोरं मागे बसलेली असताना त्या रस्त्यावर काटा खाली जाताना बघायची माझी तयारी नाही.

वहीत जूनपासून एक रकाना वाढवला आहे: वाऱ्याची दिशा आणि वेग. निघण्याच्या आदल्या रात्री हवामान बघतो, आणि वायोमिंगमध्ये समोरून 25 च्या वर असेल तर पहाटे चारला निघतो, वारा उठायच्या आत. पोरं ट्रकमध्ये झोपूनच येतात. मागच्याच आठवड्यात, मेमध्ये, असं निघालो. लॅरमी ते रॉलिन्स 10.2.