बिझनेस एथिक्स: ऐच्छिक विषय म्हणून घ्यावा का?

एमबीएच्या दुसऱ्या वर्षी ऐच्छिक विषय निवडताना बिझनेस एथिक्सचं नाव निघतं ते 'सोपे मार्क' म्हणून. मी तो ठरवून घेतला. पुढे मला बँकिंगमध्ये जायचंय, लोकांचे पैसे हाताळायचेत आणि ते काम स्वच्छ करायचंय. सत्र नुकतंच संपलं, म्हणून निवडीच्या विचारात असलेल्यांसाठी लिहितेय.

सुरुवातीचे तास रटाळ. तत्त्वज्ञ कांट, उपयुक्ततावाद (जास्तीत जास्त लोकांचं भलं ते योग्य), स्लाइडमागून स्लाइड. तेवढं सोसा, कारण केस, म्हणजे कंपन्यांचे खरे प्रसंग, सुरू झाल्या की विषय पकड घेतो.

एका तासाला मॅडमनी नाव झाकून एका कंपनीच्या आचारसंहितेतली पानं वाटली आणि विचारलं, इथे नोकरी कराल का? बहुतेकांनी हात वर केले. कंपनी निघाली एन्रॉन! हिशेबातल्या घोटाळ्यामुळे २००१ मध्ये दिवाळं निघालेल्या या अमेरिकी कंपनीची आचारसंहिता ६४ पानांची होती.

माझ्या मते सगळ्यात मोलाची केस वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेची. एकेका ग्राहकाला बँकेची आठ उत्पादनं विकायची, असा वरून आग्रह. तो दबाव काउंटरपर्यंत झिरपला आणि ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली गेली. २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचं बाहेर आलं. आमच्या गटाला शाखा व्यवस्थापक होऊन वरिष्ठांना पत्र लिहायचं होतं. अट एकच: तत्त्वं सांगू नका, नवं टार्गेट आणि बोनसचं सूत्र द्या. आम्ही रात्री उशिरापर्यंत भांडलो. बोनस नुसत्या खात्यांच्या संख्येवर द्यायचा, की वर्षभर वापरात राहिलेल्या खात्यांवर? एवढ्या एका बदलाने खालच्या माणसावरचा खोटं वागण्याचा दबाव किती उतरतो, हे कागदावर आकडे मांडल्यावरच कळलं.

सामाजिक जबाबदारीचा भाग मात्र निराशाजनक. वृक्षारोपणाचे फोटो, देणग्यांचे तक्ते. कंपनी नफ्यातला किती वाटते याचीच चर्चा. तो कमावते कसा, हे कुणी विचारत नाही. राणा प्लाझा एका स्लाइडमध्ये उरकला. बांगलादेशातली कपड्यांच्या कारखान्यांची ही इमारत २०१३ मध्ये कोसळली, १,१०० हून अधिक मृत्यू. आदल्या दिवशी इमारतीला तडे दिसले होते. खालची दुकानं आणि बँक बंद राहिली, शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं गेलं. भाव पाडून आणि मुदत आवळून माल मागवणाऱ्या खरेदी विभागाचं यात काय, यावर अख्खा तास हवा होता. आमच्यातले कितीतरी जण उद्या त्याच खुर्चीत बसणार आहेत.

परीक्षा व्याख्यांवर होते, ती बदलायला हवी. आणि हा विषय ऐच्छिक का? टार्गेट ठरवायला शिकवणारे विषय तर सक्तीचे आहेत.

तरीही घ्याच, आणि शक्यतो प्लेसमेंटच्या आधीच्या सत्रात. मुलाखतीच्या शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का?' असं म्हणतात, तेव्हा मी आता बोनस कशावर ठरतो ते विचारते.