सपोर्टर्स ट्रस्टची वर्गणी: पैसे कशाचे आणि कागदावर काय मिळतं

इंग्लंडमध्ये फुटबॉल क्लबच्या चाहत्यापुढे हंगामाच्या तोंडावर बहुतेकदा दोन फॉर्म असतात. एक क्लबच्या मेंबरशिपचा, दुसरा सपोर्टर्स ट्रस्टचा. पहिल्यात तिकिटाला आधी नंबर लागतो, सोबत एखादा स्कार्फ किंवा बॅज येतो. दुसऱ्यात यातलं सहसा काही नसतं. तिथे वर्षाची थोडी वर्गणी भरून एक मत मिळतं, आणि त्या मतावर निवडलेली माणसं तुमच्या वतीने क्लबशी बोलतात. त्यामुळे सवलत किती, भेटवस्तू काय, या मापाने ट्रस्ट मोजता येत नाही. एकच प्रश्न कामाचा आहे: ट्रस्टने क्लबकडून जे मिळवलंय ते लेखी आहे का, आणि उद्या मालक बदलला तरी ते टिकेल का?

आधी ट्रस्ट म्हणजे काय ते बघू, कारण नाव जरा फसवं आहे. कायद्याच्या दृष्टीने हा सहसा विश्वस्तांचा ट्रस्ट नसतोच. ती सभासदांची संस्था असते, ‘कम्युनिटी बेनिफिट सोसायटी’. २०१४ च्या सहकारी व कम्युनिटी बेनिफिट सोसायटी कायद्याखाली तिची नोंदणी फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीकडे होते. सभासदाला साधारणपणे एक पौंडाचा एक शेअर मिळतो. तो विकता येत नाही, त्यावर लाभांश नाही. दहा पौंड देणारा असो वा दहा हजार देणारा, मत एकच.

ही नोंदणी सभासदाच्या फायद्याची आहे. ऑथॉरिटीचं ‘म्युच्युअल्स पब्लिक रजिस्टर’ ऑनलाइन आणि फुकट आहे. ट्रस्टचं नाव टाकलं की पोटनियम, वार्षिक विवरणपत्र आणि हिशेब डाउनलोड होतात. आर्थिक वर्ष संपल्यापासून सात महिन्यांत विवरणपत्र भरावं लागतं. सलग दोन वर्षांची विवरणपत्रं तिथे दिसत नसतील तर वर्गणी थांबवून आधी सेक्रेटरीला विचारा. पोटनियमांत तीन गोष्टी शोधायच्या: दरवर्षी कार्यकारिणीच्या किती जागांची निवडणूक होते, निवडणुकीशिवाय आत घेतलेल्या सदस्यांवर मर्यादा आहे का, आणि क्लबमधले शेअर विकायचे झाल्यास सभासदांचं मतदान सक्तीचं आहे का. तिसरी गोष्ट नसेल तर पोटनियम अपुरे आहेत असं बेधडक म्हणावं.

या चळवळीची सुरुवात नॉर्थॅम्प्टन टाउनमध्ये १९९२ साली झाली. क्लब कर्जात बुडालेला असताना चाहत्यांनी ट्रस्ट काढला, आणि ब्रायन लोमॅक्स सभासदांच्या मतांवर क्लबच्या संचालक मंडळात गेले. २००० साली असे ट्रस्ट उभे करायला मदत म्हणून ‘सपोर्टर्स डायरेक्ट’ सुरू झाली. पुढे तिचं आणि सपोर्टर्स फेडरेशनचं एकत्रीकरण होऊन आजची फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशन झाली. नवा ट्रस्ट काढणाऱ्यांनी पोटनियम स्वतः लिहीत बसू नये, असोसिएशनकडून नमुना मागून घ्यावा.

आता खरा मुद्दा, शेअरचा. ‘आमच्या ट्रस्टकडे क्लबचे शेअर आहेत’ हे वाक्य टक्केवारी कळेपर्यंत निरर्थक आहे. २००६ च्या कंपनी कायद्यात कंपनीची नियमावली बदलायला विशेष ठराव लागतो आणि त्याला ७५ टक्के मतं लागतात. म्हणजे २५ टक्क्यांहून जास्त हिस्सा हातात असेल तर ट्रस्ट एकटा तो ठराव अडवू शकतो. ५० च्या वर गेलात तर संचालक नेमणं आणि काढणं तुमच्या हातात. १० टक्क्यांच्या खाली असाल तर दुसराच धोका: ताबा घेणाऱ्याने बोलीतल्या शेअरपैकी ९० टक्के मिळवले की उरलेल्यांचे शेअर तो सक्तीने विकत घेऊ शकतो.

हे आर्सेनलमध्ये घडलं. तिथे एक शेअर इतका महाग होता की सामान्य चाहत्याला तो परवडणं शक्य नव्हतं. म्हणून तिथल्या ट्रस्टने २०१० साली ‘फॅनशेअर’ योजना काढली, थोडे थोडे पैसे भरून शेअरचा अंश घ्यायचा. कल्पना उत्तम होती. पण २०१८ मध्ये क्लबचे मालक स्टॅन क्रोएंके यांनी दुसऱ्या मोठ्या भागधारकाचा हिस्सा घेतला आणि त्यांचा वाटा ९७ टक्क्यांच्या आसपास गेला. बोली शेअरमागे २९ हजार पौंडांहून जास्त होती. चाहत्यांना पैसे मिळाले, शेअर मात्र द्यावेच लागले. त्याबरोबर भागधारक म्हणून वार्षिक सभेत उभं राहून मालकाला प्रश्न विचारायचा हक्कही गेला. ट्रस्ट आजही काम करतो आणि चांगलं करतो, पण शेअरशिवाय.

स्वॉन्सी सिटीचं उदाहरण याहून जास्त शिकवणारं आहे, कारण तिथे हिस्सा लहान नव्हता. ट्रस्टकडे २१.१ टक्के शेअर होते आणि क्लब प्रीमियर लीगमध्ये होता. २०१६ मध्ये बाकीच्या बड्या भागधारकांनी अमेरिकी गटाला शेअर विकले, ट्रस्ट त्या वाटाघाटींत नव्हता. नवे मालक आले, ट्रस्टचा हिस्सा जागच्या जागी राहिला, आणि त्या विक्रीवरचा वाद मिटायला २०२२ उजाडलं. २१ टक्के ऐकायला भारी वाटतं, पण २५ च्या खाली ते काही अडवू शकत नाही. अशा ट्रस्टला भागधारकांच्या करारात दोन कलमं हवीत. पहिलं, बहुमतवाला विकत असेल तर त्याच भावाने आमचेही शेअर घेतले गेले पाहिजेत. दुसरं, नवे शेअर काढून आमचा टक्का पातळ करायचा असेल तर आधी आम्हाला विचारलं पाहिजे. ही कलमं नंतर मागून मिळत नाहीत. ज्या दिवशी क्लबला ट्रस्टच्या पैशांची गरज असते त्या दिवशीच लिहून घ्यायची असतात.

टक्केवारी मोठी नसतानाही पक्कं संरक्षण कसं मिळतं हे ब्रेंटफर्डमध्ये दिसतं. तिथला ट्रस्ट, बीज युनायटेड, २००६ मध्ये क्लबचा बहुमतवाला मालक झाला. २०१२ मध्ये त्याने ते शेअर क्लबमध्ये पैसे घालणारे मॅथ्यू बेनम यांना दिले, पण एक विशेष शेअर स्वतःकडे ठेवला. या एका शेअरमुळे क्लबचं मैदान विकायचं झालं तर ट्रस्टची संमती लागते. रोजच्या कारभारात, खेळाडू घेण्या-विकण्यात ट्रस्ट पडत नाही. ज्या एका गोष्टीवर चाहत्यांचं अस्तित्व अवलंबून आहे तिथे मात्र कुलूप आहे आणि किल्ली त्यांच्याकडे आहे. खर्च शून्य, मालकाला अडचण शून्य, आणि उद्या क्लब दुसऱ्याच्या हाती गेला तरी अट कायम. सगळे नमुने शेजारी ठेवून पाहिले तर आमचं सर्वांत जास्त वजन याच नमुन्याला आहे. चेल्सीत हेच काम ‘चेल्सी पिच ओनर्स’ ही स्वतंत्र कंपनी करते. स्टॅमफर्ड ब्रिजची जमीन आणि क्लबचं नाव तिच्याकडे आहे. २०११ मध्ये क्लबने जमीन परत मागितली तेव्हा ६१.६ टक्के मतं बाजूने पडली, ७५ लागत होती, विषय तिथेच संपला.

पूर्ण मालकीबद्दल भाबडेपणाने बोलू नये, पण ती स्वप्नरंजनही नाही. एक्सेटर सिटी २००३ पासून ट्रस्टच्या ताब्यात आहे. जानेवारी २००५ मध्ये एफए कपात त्यांनी ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला ०-० रोखलं, त्यामुळे सामना पुन्हा खेळला गेला, आणि त्या दोन सामन्यांच्या उत्पन्नाने कर्जाचं ओझं बरंच उतरलं. पुढे अकादमीत घडलेले ऑली वॉटकिन्स, ईथन अँपाडू यांच्यासारखे खेळाडू विकून क्लब उभा राहिला. ट्रस्टच्या क्लबला श्रीमंत मालकाची थैली नसते, म्हणून खेळाडू घडवणं हाच धंदा होतो. जुना क्लब दुसऱ्या शहरात हलवला जाणार म्हणून चाहत्यांनी काढलेला एएफसी विंबल्डन २००२ मध्ये शून्यातून उभा राहिला, २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये (प्रीमियर लीगखालचे तीन विभाग) पोचला आणि २०२० मध्ये जुन्या घरी, प्लाउ लेनवर परतला. स्टेडियमसाठी पैसे कमी पडले तेव्हा हिस्सा विकण्याऐवजी चाहत्यांकडून कर्जरोख्यांतून ५० लाख पौंडांहून जास्त उभे केले. इथे सभासदाने फरक नीट ओळखावा: कर्जरोखा म्हणजे कर्ज. त्याने मत मिळत नाही आणि क्लबला ते मुदतीला फेडावंच लागतं.

पोर्ट्समथमध्ये २०१३ साली हजार-हजार पौंडांचे शेअर घेऊन दोन हजारांहून जास्त चाहत्यांनी क्लब वाचवला. एकट्याला जमत नसेल तर काहींनी मिळून एक शेअर घ्यायचा, अशी सोय होती. चार वर्षांत जुनी देणी फिटली, आणि २०१७ मध्ये डिस्नीचे माजी प्रमुख मायकल आयस्नर यांच्या कंपनीला ५६.७ लाख पौंडांना क्लब विकण्याच्या बाजूने मोठं बहुमत पडलं. याला ट्रस्टचं अपयश म्हणणारे आहेत, ते पटत नाही. क्लब जिवंत राहिला आणि विक्री मतदानाने झाली. स्कॉटलंडमध्ये हार्ट्स क्लबच्या चाहत्यांच्या फाउंडेशनकडे २०२१ पासून बहुमत आहे, पैसा येतो तो दरमहा बँकेतून आपोआप वळत्या होणाऱ्या रकमांतून. २०२५ मध्ये ब्रायटन क्लबचे मालक टोनी ब्लूम यांनी तिथे ९८.६ लाख पौंड घातले, त्या बदल्यात २९ टक्के शेअर मिळाले, पण मताधिकार नसलेले. पैसा घ्यायचा आणि ताबा सोडायचा नाही, हे असं करता येतं.

ज्यांच्याकडे एकही शेअर नाही अशा ट्रस्टांची संख्या मोठी आहे, आणि त्यांचं काम बैठकांत दिसतं. इंग्लिश फुटबॉल लीगच्या क्लबांना हंगामात किमान दोनदा चाहत्यांच्या प्रतिनिधींशी बसावं लागतं, प्रीमियर लीगने २०२३ पासून फॅन अ‍ॅडव्हायजरी बोर्ड, म्हणजे चाहत्यांचं सल्लागार मंडळ, सक्तीचं केलं. बैठक झाली यात कौतुक नाही, इतिवृत्त वाचा. ‘तिकीट दरांबाबत सकारात्मक चर्चा झाली’ असं लिहिलं असेल तर त्या संध्याकाळी काही घडलं नाही. चांगली नोंद अशी असते: ‘६५ वर्षांवरील सवलत कायम ठेवण्याची ट्रस्टची मागणी. क्लबचं उत्तर: दर ठरण्याआधी लेखी कळवू. जबाबदारी तिकीट विभागप्रमुखांची, मुदत २८ फेब्रुवारी.’ माणूस आणि तारीख. तारखेला महत्त्व यासाठी की सीझन तिकिटांचे दर वसंतात जाहीर होतात. त्यानंतर झालेली ‘चर्चा’ ही फक्त निर्णय कळवणं असतं.

गोपनीयतेचा करार इथला नेहमीचा घोळ. क्लब हिशेब दाखवायला तयार असतो, पण सही मागतो. प्रतिनिधी सही करतो, मग त्याला सगळं माहीत असतं आणि सभासदांना काही सांगता येत नाही. दोन महिन्यांत कुजबुज सुरू होते की ट्रस्ट क्लबच्या खिशात गेला. उपाय सोपा आहे: करार विषयापुरता आणि मुदतीचा हवा, आणि कोणत्या विषयावर तो आहे हे तरी सभासदांना सांगायची मुभा त्यातच लिहिलेली हवी. तसाच गैरसमज ट्रस्टने पाठवलेल्या संचालकाबद्दल असतो. कायद्याने त्याची निष्ठा कंपनीशी असते, त्याला पाठवणाऱ्या ट्रस्टशी नाही. तो मंडळातली प्रत्येक गोष्ट बाहेर सांगू शकत नाही. हे निवडणुकीआधी स्पष्ट सांगणारा ट्रस्ट भरवशाचा.

जुलै २०२५ मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स कायदा मंजूर झाला. वरच्या पाच स्तरांतल्या ११६ क्लबांना स्वतंत्र नियामक आला, तिकीट दरांपासून क्लबच्या वारशापर्यंत चाहत्यांशी सल्लामसलत सक्तीची झाली, मैदान विकायला नियामकाची संमती लागते. ट्रस्टची गरज त्यामुळे वाढलीच आहे. सल्लामसलतीत हिशेब वाचू शकणारा कोणी नसेल तर ती उपचारापुरती उरते. ज्या ट्रस्टमध्ये कंपनीज हाउसवर (कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयात) क्लबचे हिशेब वेळेवर आले का, जमिनीवर कुणाचा बोजा चढला का, हे पाहणारी दोन माणसं आहेत, तिथे धोका आधी कळतो. देणी फेडता न आल्याने प्रशासकाच्या हाती क्लब गेला की फुटबॉल लीगमध्ये १२ गुण कापले जातात, तेव्हा जागं होऊन उपयोग नसतो.

मैदान ‘समुदायाची मत्ता’ म्हणून नोंदवल्याचं अनेक ट्रस्ट मोठ्या अभिमानाने सांगतात. २०११ च्या लोकॅलिझम कायद्यातली ही तरतूद २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या कसॅम स्टेडियमसाठी वापरली गेली आणि ती उपयोगी आहे, पण तिची ताकद ओळखून असावं. नोंद पाच वर्षांची. मालकाने विक्री काढली की सहा आठवड्यांत इच्छा कळवायची, मग पैसे जमवायला एकूण सहा महिने. त्या कायद्याने मालकावर तुम्हालाच विकायचं बंधन घातलेलं नाही. पाच वर्षांनी नोंद नव्याने करायची राहून गेली तर हे संरक्षणही संपतं, आणि स्वयंसेवकांच्या संस्थेत नेमकं हेच राहून जातं.

वर्गणी भरण्याआधी ट्रस्टच्या सेक्रेटरीला एक ईमेल करा: पोटनियमांची प्रत, क्लबसोबतच्या शेवटच्या दोन बैठकांची इतिवृत्तं, आणि क्लबशी झालेला कोणताही लेखी करार, सह्यांसकट. तिन्ही आले तर फॉर्म भरा आणि बँकेतून दरवर्षी आपोआप पैसे जातील अशी सोय करा, म्हणजे संघ वरच्या विभागात गेल्यावरही सभासदसंख्या गळणार नाही. करार नाही असं उत्तर आलं तरी फॉर्म भरा, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय घालायची लेखी मागणी सोबत पाठवा. उत्तरच आलं नाही, तर पैसे खिशात ठेवा आणि कार्यकारिणीची पुढची निवडणूक कधी आहे ते पोटनियमांत बघा.