शंभर मण्यांची माळ: आठ महिने वापरल्यानंतर

दिवाळीनंतर लेकीसाठी मणीमाळ घेतली. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, असे शंभर मणी. जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिलीच्या वर्गात भिंतीलगत बांधलेली दिसते तीच. लेक तेव्हा सव्वाचार वर्षांची होती.

अंक तिला येत होते, असं आम्ही धरून चाललो होतो. एक ते वीस घडाघडा म्हणायची. एका दुपारी ताटात सात भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या आणि मोजायला सांगितलं. तोंड पुढे पळालं, बोट मागे राहिलं, उत्तर आलं अकरा. हात धरून सावकाश मोजून घेतलं, सातवर थांबलो. "मग किती शेंगा?" म्हटलं, तर तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच ताटातल्या सगळ्या शेंगा, हे तिला उमगलंच नव्हतं. पाठांतर म्हणजे मोजणं नव्हे, हे मला त्या ताटाने दाखवलं.

माळेचा मोठा गुण इथेच आहे. मणी सरकवल्याशिवाय पुढचा आकडा म्हणायचा नाही, एवढा एकच नियम ठेवला. हात तोंडाला लगाम घालतो. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं कपाटाच्या मुठीला, उंची तिच्या छातीएवढी. मणी सरकायला वीत-दीड वीत दोरी मोकळी हवी, नाहीतर माळ नुसती शोभेची होते. पहिला महिनाभर आम्ही दहाच्या पुढे गेलो नाही. सोबत डबाभर चिंचोके ठेवले आणि रात्रीची पानं मांडायचं काम तिच्याकडे दिलं: जेवायला किती जण, तेवढ्या वाट्या. खरं सांगायचं तर सुरुवातीला माळेपेक्षा वाट्यांनीच जास्त काम केलं. एक वाटी कमी पडली की आजोबा लगेच म्हणायचे, "माझी कुठे गं?"

दहाच्या पुढे मात्र माळेला तोड नाही. आपल्या मराठीत एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस हे शब्द मुलांना फार छळतात. 'अठ्ठावीस' झालं की लेक 'नऊवीस' म्हणायची, आणि तिचं चूक तरी काय होतं? मग तिसरा दशक तिच्यासमोर ठेवला. दोन दशक पूर्ण, तिसऱ्यातले नऊ लाल सरकलेले, एक लाल पलीकडे उरलेला. म्हटलं, "तिसाला एक उणा, म्हणून एकोणतीस." तिने तो एकटा मणी चिमटीत धरला, अलीकडे आणला, म्हणाली "तीस", परत मागे नेला, "एकोणतीस". असं सहा-सात वेळा. त्या आठवड्यात एकोणचाळीस आणि एकोणपन्नास तिने न शिकवता सांगितले. हा शब्द मी आयुष्यभर वापरला, पण त्यातला उणा मणी मलाही तेव्हाच दिसला.

आता तक्रार. चौथ्या महिन्यात आम्ही शेवटच्या दशकापर्यंत पोचलो, आणि तिथे नऊच मणी निघाले. शोध लेकीचाच. "हा दशक पूर्ण नाही, एकोणशंभर आहेत," म्हणाली. तिच्या हिशेबाने बरोबरच. एकोणनव्वदनंतर मराठी एकदम 'नव्व्याण्णव'कडे वळते, तेही मग सांगावं लागलं. पण मोजणी शिकवायच्या वस्तूत मोजणी चुकावी याचा मला राग आला. दुकानदाराने बदलून द्यायला नकार दिला. जुन्या सदऱ्याचं लाल बटण ओवून शंभर भरले. लाल रंगही बोटांना घासून पोपडे धरू लागलाय. मुलं हात तोंडात घालतात, त्यामुळे पुन्हा घेतली तर दहा मणी रंग न दिलेल्या लाकडाचे, दहा आतून-बाहेरून रंगीत प्लास्टिकचे, असे आलटून पालटून ओवलेली घेईन.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसबरोबर 'वीस एक' असं वाचन आलं. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, आणि त्यावरून बराच वाद झाला. मी तेव्हा विरोधात होते. आता माळेवर आम्ही दोन्ही म्हणतो. दोन दशक आणि एक मणी दिसतो तेव्हा 'वीस एक' आपोआप तोंडात येतं, आणि 'एकवीस' ऐकून 12 लिहायची तिची सवय त्यानेच सुटत चालली आहे. जुने शब्द गमावायला मी तयार नाही, पण त्यांच्यापर्यंत जायला ही पायरी उपयोगी आहे.

एक चूक माझ्याकडून झाली. पन्नासपर्यंत रोज म्हणून घ्यायचा आग्रह धरला, तर तिने माळ सोडून कपाटामागे टाकली. पंधरा दिवस मी विषय काढला नाही. नंतर बाहुलीची बस आणि मणी म्हणजे प्रवासी, असा खेळ तिनेच सुरू केला. दहा प्रवासी झाले की बस सुटते.

तीन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर ना माळ, ना चिंचोके. नाकात-घशात जाण्याची भीती असते. माळ लटकती सोडू नका, खेळ झाला की गुंडाळून वर ठेवा. आणि घेताना दुकानातच एकेक दशक मोजून घ्या, जमल्यास मुलाकडूनच.