जुनं आठ झोनचं वायर्ड चोर-अलार्म: काढून टाकण्याआधी हे तपासा

कोल्हापुरातल्या जुन्या बंगल्यांत, ताराबाई पार्कापासून राजारामपुरीच्या गल्ल्यांपर्यंत, जिन्याखाली भिंतीला एक पांढरी पत्र्याची पेटी दिसते. आत आठ झोनचं, म्हणजे सेन्सरच्या आठ वेगळ्या लाइन जोडता येतील असं वायर्ड पॅनेल, दाराशी कीपॅड, बाहेर छज्जाखाली हूटर. दहा-पंधरा वर्षं झाली की ते अपरात्री उगाच बोंबलायला लागतं, घरातलं कुणीतरी वैतागून बॅटरीची वायर उपसून ठेवतं आणि पेटी नुसती शोभेची होते. मग मोबाइलवर चालणारा नवा वायरलेस संच घ्या, असा सल्ला मिळतो. तो ऐकण्याआधी थोडं थांबा. या जुन्या पॅनेलला आमच्याकडून पाचपैकी चार गुण. त्याचा मूळ बोर्ड क्वचितच जातो. जाते ती बॅटरी, जातात ते सांधे आणि दारावरचे चुंबकी स्विच.

उघडण्याची पद्धत आधी. पेटीत २३० व्होल्ट येतात, त्यामुळे एमसीबी पाडल्याशिवाय झाकणाला हात नको. कोड टाकून अलार्म उतरवा, इंजिनिअर मोडमध्ये (वेगळ्या कोडने उघडणाऱ्या दुरुस्तीच्या स्थितीत) जा, एमसीबी पाडा, शेवटी बॅटरीची लाल वायर काढा. बाहेरच्या हूटरला स्वतःची बॅटरी असेल तर पॅनेलची लाइन तुटताच तो आपोआप वाजतो. चोराने वायर कापली तर वाजावा म्हणूनच ती सोय आहे. अशा हूटरची आतली बॅटरी इंजिनिअर मोडमध्ये असतानाच सोडवून घ्या.

सुरुवात बॅटरीपासून. १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद बॅटरी, तीच जी कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते. आयुष्य तीन ते पाच वर्षं, गच्चीखालच्या तापणाऱ्या खोलीत त्याहून कमी. चार्जर जोडलेला असताना मल्टिमीटर लावला तर मेलेली बॅटरीही १३.७ व्होल्ट दाखवते आणि इथेच बहुतेक जण फसतात. खरी परीक्षा लोडवर होते: एमसीबी पाडा, हूटर दोन मिनिटं वाजवा आणि तेव्हाच बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज बघा. ते ११.५ च्या खाली उतरलं तर बॅटरी बदला. लाइट गेल्यावर किंवा परत आल्यावर अलार्म वाजतो, ही तक्रार बहुतेक वेळा इथेच मिटते, कारण बॅटरीत दम नसला की पॅनेल बंद पडून नव्याने सुरू होतं. जुनी बॅटरी फुगलेली निघाली तर नवी लगेच जोडू नका. आधी चार्जिंगच्या वायरींवर बॅटरीविना व्होल्टेज मोजा. एवढ्यापुरता एमसीबी परत चालू करावा लागतो, तेव्हा २३० व्होल्टच्या टोकांपासून हात लांब ठेवा. १३.६ ते १३.८ हवं, १५ च्या आसपास दिसलं तर रेग्युलेटर गेलेला आहे आणि तो नवी बॅटरीही फुगवेल. काचेचा फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा लावा, तार गुंडाळू नका.

आता खरं काम: एखादा झोन सारखा ‘ओपन’ दाखवतो. सेन्सर बदलत सुटण्याआधी पेटीतच दोन मिनिटांची चाचणी करता येते. त्या झोनच्या दोन्ही वायरी टर्मिनलमधून काढा आणि त्या जागी थेट ईओएल रेझिस्टर (एंड ऑफ लाइन, म्हणजे लाइनच्या शेवटी लावायचा रेझिस्टर) लावा. किती ओहमचा ते पॅनेलच्या माहितीपुस्तकात असतं. लाल-लाल-लाल पट्टे म्हणजे २.२ के (२,२०० ओहम), पिवळा-जांभळा-लाल म्हणजे ४.७ के, हिरवा-निळा-लाल म्हणजे ५.६ के. पॅनेल चालू केल्यावर झोन लगेच नॉर्मल झाला तर बोर्ड ठणठणीत आहे, दोष बाहेर आहे. नाहीच झाला तर बोर्डावरचं ते इनपुट गेलेलं आहे. एप्रिल-मेच्या वळवात वीज जवळ पडली की लांब वायरींवरून झटका येऊन हे होतं. तरीही पॅनेल टाकून देऊ नका. बहुतेकदा आठही झोन वापरात नसतात, वायर रिकाम्या झोनवर न्या आणि तेवढं प्रोग्रॅमिंग बदला.

काढलेल्या दोन वायरींवर मीटर ओहमला लावा. २.२ के रेझिस्टर असेल तर २,२०० पेक्षा थोडंच जास्त दिसलं पाहिजे. काहीच दिसलं नाही तर वायर तुटलेली किंवा स्विच उघडा. आकडा नाचत असेल, कधी २,३००, कधी ३,०००, तर कुठेतरी सांधा गंजलेला आहे. २,२०० पेक्षा बराच कमी आला तर ओल शिरून दोन वायरींत गळती होते आहे. कापून बघितलं तर तांब्यावर हिरवट पूड दिसते आणि ती इन्सुलेशनच्या आत बोटभर सरकलेली असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी शिरलेल्या घरांत, म्हणजे शाहूपुरी कुंभार गल्ली, दुधाळी, नागाळा पार्कचा सखल भाग, जमिनीलगतचे सांधे असेच निघतात. नुसतं घासून परत पिळ मारू नका. स्वच्छ तांबं लागेपर्यंत मागे कापा, डाग द्या (सोल्डर करा), वर हीट-श्रिंक नळी चढवा आणि सांधा फूटभर तरी वर घ्या. अनेक वायरमन ईओएल रेझिस्टर पेटीतच लावून मोकळे होतात. त्याने वाटेतलं शॉर्ट पॅनेलला कळतच नाही. रेझिस्टर शेवटच्या सेन्सरमध्येच हवा.

दारावरचे चुंबकी स्विच पावसाळ्यात हमखास त्रास देतात. सागवानी दार फुगतं, बिजागरी सैल होऊन दार खाली बसतं, आणि चुंबक-स्विचमधलं अंतर १५-२० मिलिमीटरच्या पुढे गेलं की वाऱ्याने दार हललं तरी अलार्म. स्विच नवा घेण्याआधी चुंबक सरकवून बघा. लोखंडी दार किंवा ग्रिल असेल तर लोखंड चुंबकाचा जोर खातं. साधा प्लास्टिक स्विच तिथे टिकत नाही, लोखंडी दारासाठीचा जड स्विच लावा किंवा खाली पाच-सहा मिलिमीटरची लाकडी पट्टी द्या. याहून वाईट म्हणजे स्विचच्या आतल्या पत्त्या चिकटणं. मग दार उघडं असूनही पॅनेलला ते बंदच वाटतं. उगाच वाजणारा अलार्म निदान लक्ष वेधतो. हा मात्र गप्प राहतो आणि घर उघडं पडतं. म्हणून महिन्यातून एकदा चाइम किंवा वॉक टेस्ट (हूटर न वाजता कीपॅड नुसता टिंग करतो ती चाचणी) चालू करून प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी उघडून बघा. ही सवय नसेल तर कितीही महागडा संच बसवा, खात्री नाही.

पीआयआर सेन्सरचा, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरचा शत्रू म्हणजे पाल, कोळ्याची जाळी आणि मुंग्या. पुढचं प्लास्टिकचं भिंग मऊ ओल्या कापडाने पुसा, थिनर लावू नका. वायर आत शिरते ते भोक सिलिकॉनने बुजवा, मुंग्या तिथूनच जातात. सेन्सरच्या टर्मिनलवर १० व्होल्टच्या खाली आलं तर आतला रिले सुटतो आणि अलार्म होतो, तेव्हा सेन्सरला दोष देण्याआधी तिथलं व्होल्टेज मोजा. कौलारू घरात दुपारचं ऊन थेट भिंगावर येत असेल तर जागा बदला. पल्स काउंटचा (हालचालीच्या किती इशाऱ्यांनंतर वाजायचं ते ठरवणारा) जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, १ वर असेल तर २ वर टाका. मांजर असलेल्या घरात तेवढ्याने भागत नाही. गुजरीच्या सराफ बाजारात खाली पेढी आणि वर घर असेल तर व्हायब्रेशन सेन्सरचा संवेदनशीलतेचा स्क्रू गणपती विसर्जनाच्या आधी तपासून ठेवा, महाद्वार रोडवरच्या साउंडचा दणका भिंतीपर्यंत येतो. मिरवणुकीसाठी संवेदनशीलता कमी केली तर दुसऱ्या दिवशी आठवणीने परत वाढवा.

डायलर, म्हणजे अलार्म वाजला की साठवलेल्या नंबरांवर फोन लावणारा भाग, खरोखर जुना झाला आहे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी ० लावावा लागतो. त्याआधी साठवलेले दहा आकडी नंबर आजही तसेच असतील तर अलार्म वाजतो, पण फोन कुणालाच लागत नाही. लँडलाइन फायबरवर गेली असेल तर लाइट गेल्यावर फोनही जातो. फायबरच्या मोडेमला वेगळा यूपीएस द्या. लँडलाइनऐवजी सिमवर चालणारं टूजी मॉड्यूल असेल तर त्यात जिओचं सिम चालत नाही, जिओकडे टूजी नाहीच. एअरटेल किंवा व्हीआयचं सिम टाका आणि रिचार्जची तारीख पेटीच्या झाकणावर लिहा.

मग पाचवा गुण कुठे गेला? इंजिनिअर कोडमध्ये. बसवणाऱ्याने कोड दिलेला नसतो, तो माणूस आता मिळत नाही, आणि काही पॅनेल जंपर लावून रीसेट होतात तर काही कुलूपबंदच राहतात. दुसऱ्या प्रकारचं असेल, कीपॅड मिळत नसेल, किंवा भिंतीतली वायर उंदरांनी तीन-चार ठिकाणी कुरतडलेली असेल, तर पॅनेल बदला. पण चांगल्या राहिलेल्या वायरी नव्या वायर्ड पॅनेललाच जोडा. बोर्डावरचा कपॅसिटर वरून फुगलेला असेल तर तेवढ्यासाठी पॅनेल टाकू नका. टीव्ही-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर तो बदलून देतो, फक्त व्होल्टेज आणि मायक्रोफॅरड मूळचेच ठेवायला सांगा.

काम संपलं की एका कागदावर झोन क्रमांक, कुठलं दार, रेझिस्टर किती के, बॅटरी बसवल्याचा महिना आणि वायरींचे रंग लिहा आणि तो कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. कोड मात्र तिथे लिहू नका, तो घरातल्या दोघांना पाठ असू दे.