लक्ष लागावं म्हणून घेतलेलं टायमर ॲप: अडीच तारे

एकच ईमेल चौथ्यांदा वाचतेय हे ध्यानात आलं, तेव्हा हे ॲप घेतलं. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती, मधे नोटिफिकेशन बंद. टायमर चोख, घंटीही कानाला टोचत नाही.

पण माझं लक्ष फोन पळवतच नव्हता. चिंता असली की मेंदूतला अमिग्डाला धोका हुंगत बसतो आणि लक्ष आवरून धरणारा कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स कमी पडतो. साहेबांच्या ‘नंतर बोलू’ या दोन शब्दांवर माझी अख्खी २५ मिनिटं गेली! नैराश्याच्या दिवसांत वेगळंच. मनात जुनंच दळण सुरू, आणि त्याला लागते तीच वर्किंग मेमरी (हातातली गोष्ट तेवढ्यापुरती डोक्यात धरून ठेवणारी स्मृती), जी कामालाही हवी. अशा दिवशी कामात खंड पडला की ॲप लाल अक्षरांत सांगतं, ‘साखळी तुटली.’ हे कुणाच्या डोक्यातून निघालं, देव जाणे.

एक सोय मात्र खरी कामाची: मधेच आलेली काळजी टिपून ठेवायचा कोपरा. लिहिली की ती डोक्यात धरून बसावं लागत नाही. माझ्या समुपदेशक बाईंनी हेच वहीत करायला सांगितलं होतं. वहीला वर्गणी लागत नाही, म्हणून ॲपची पुढच्या वर्षाची भरली नाही.