शाब्दिक उदाहरणं शब्द पाहून सोडवायची का गोष्ट समजून?

घरी पोट्ट्याले शाब्दिक उदाहरणं शिकवायची हाय न दोन रस्ते दिसून राहिले, तं कोणता धरायचा त्याची ही तुलना.

पहिला रस्ता शब्द पकडायचा. "एकूण" दिसलं की बेरीज, "उरले" दिसलं की वजाबाकी, "प्रत्येकी" आलं की गुणाकार, "वाटले" म्हटलं की भागाकार. दोन-चार दिवसात पाठ होते, शिकवणाऱ्याले स्वतःले गणित जेमतेम येत असन तरी भागते, आणि दुसरी-तिसरीच्या एका ओळीच्या उदाहरणात उत्तर बरोबर निघतेही. पण सीमाजवळ 12 बोरं हाय, गीतापेक्षा 5 जास्त, तं गीताजवळ किती? "जास्त" पाहून पोट्टं 17 लिहून मोकळं, उत्तर हाय 7. 60 रुपये 4 जणात वाटले तं प्रत्येकी किती, इथं "प्रत्येकी" असून भागाकार. 1980 च्या आसपास फ्रान्समधे ग्रेनोबलच्या प्राथमिकच्या पोरायले विचारलं होतं, जहाजावर 26 मेंढ्या न 10 बकऱ्या, तं कॅप्टनचं वय किती? बहुतेकायनं आकडे जुळवून वय काढूनही देलं बावा!

दुसरा रस्ता, आधी काय घडून राहिलं ते पोट्ट्याच्या तोंडून सांगून घ्यायचं, मंग आकडे. 6 बायायनं 25-25 किलो कापूस वेचला, मजुरी किलोले 10 रुपये, मालकाजवळ 2000 होते, किती उरले? वेचणी न काटा आपल्या पोरायनं पाहेल असते, म्हणून 6×25=150 किलो, 150×10=1500 रुपये, 2000 मधून गेले तं 500, हे सुचते. "उरले" पाहून वजाबाकी करायची हे कळलं तरी किती वजा करायचे हे तो शब्द सांगत नाई. आता हेच एका ओळीत मांडलं, 2000−6×25×10, तं कंचेभागुबेव (आधी कंस, मंग चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) लागते, नाई तं पोट्टं आधी 2000 मधून 6 काढून बसते.

बाकी उरते तिथं तं शब्दवाले हमखास फसतात. 500 संत्री, खोक्यात 24. पूर्ण भरलेली खोकी 20, पण सगळी संत्री न्यायची तं 21 खोकी, भागाकार तोच.

खोट एकच, दुसऱ्या रस्त्याले वेळ लागते न कोणीतरी संगं बसा लागते, वेचणीच्या दिवसात संध्याकाळी कोण बसन? नवोदय शाळेच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेच्या पेपरात अंकगणिताचे 20 प्रश्न न अर्धा तास, म्हणजे प्रश्नाले दीड मिनिट, तिथं अडखळून चालत नाई. पाढे कच्चे असन तं दोन्ही रस्ते बंद, ते आधी करा.

माझं मत, तिसरी-चौथीत असन तं डोळे मिटून दुसरा. परीक्षा महिन्यावर आली न पोट्टं पहिल्यानंच शिकेल असन तं आता मोडू नका, फक्त शेवटची ओळ दोनदा वाचाले लावा, कारण विचारलं काय हे बहुतेक तिथंच असते.